अमेरिकेत नवऱ्याने उत्पन्न लपवलं, संयुक्त रिटर्नवर माझीही सही आहे. घटस्फोटानंतर आयआरएस (अमेरिकेची करवसुली यंत्रणा) माझ्याकडे पैसे मागू शकते का?

हो, मागू शकते. संयुक्त रिटर्नवर सही केली की पूर्ण कर, व्याज आणि दंड दोघांकडून किंवा एकट्याकडूनही वसूल करता येतो. ‘कर नवऱ्याने भरावा’ असं घटस्फोटाच्या हुकुमात लिहिलेलं असलं तरी ते आयआरएसवर बंधनकारक नाही. इथेच बहुतेक जणी फसतात.

या जबाबदारीतून सुटकेसाठी आयआरएसचा फॉर्म ८८५७ भरा. फी नाही. रिटर्नसोबत जोडू नका, वेगळा पाठवा. मुख्य प्रश्न एकच: सही करताना लपवलेलं उत्पन्न तुम्हाला माहीत होतं का, किंवा माहीत असायला हवं होतं का? म्हणून बँक खाती कोण सांभाळायचं, तुमचं शिक्षण, घरातला खर्च कसा चालायचा, हे कागदांसह मांडा. नुसतं ‘मला ठाऊक नव्हतं’ पुरत नाही. छळ किंवा धाक होता, तर ते जरूर लिहा. पोलिसांचे, डॉक्टरांचे कागद जोडा.

मुदत सांभाळा: वसुलीची पहिली कारवाई झाल्यापासून साधारण २ वर्षं. रिटर्नमध्ये कर बरोबर दाखवला पण भरलाच नाही, तर न्याय्यतेच्या आधारावरची सवलत मागायची. तिला ही २ वर्षांची अट नाही.

तुम्ही अर्ज केल्याचं आयआरएस माजी नवऱ्याला कळवतेच, छळाच्या प्रकरणातही. तुमचा सध्याचा पत्ता मात्र त्याला देत नाही. अर्ज फेटाळला तर अंतिम पत्रापासून ९० दिवसांत टॅक्स कोर्टात जाता येतं.