आधी १०८, चौकशी नंतर

प्रश्न : आमच्या वसतिगृहात मुलं चोरून पितात. परवा एक जण बेशुद्ध पडला, पण शिक्षेच्या भीतीने मित्रांनी सकाळपर्यंत कुणाला सांगितलंच नाही. काय करावं?
– एक रेक्टर, नाशिक

उत्तर : रेक्टरसाहेब, आधी प्रत्येक मजल्यावर लेखी नोटीस लावा : मदतीला बोलावणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी बोलावलं त्याच्यावर कारवाई होणार नाही. या भीतीपायीच जीव जातात.

‘झोपू दे, उतरेल’ हे साफ चूक. पोटातली दारू झोपेतही रक्तात भिनत राहते. हाका मारून, चिमटा काढून जाग येत नसेल, श्वास मिनिटाला ८ पेक्षा कमी असेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर लगेच १०८ लावा. तोवर कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडून ठेवा. उताणं असताना उलटी श्वासनलिकेत जाते. लिंबूपाणी, कॉफी, मिठाचं पाणी काही पाजू नका. थंड आंघोळही नको. क्षणभरही एकटं सोडू नका.

शिस्तीचं नंतर बघा. दोन दिवसांनी समुपदेशकाकडे न्या. नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. मुलानेच फोन केला तर उत्तम.