केबिनमधली पांढरी राख

प्रश्न : मी कोल्हापुरातल्या एका टॉकीजमध्ये २६ वर्षे ऑपरेटर होतो. मशीन कार्बनच्या काड्यांवर चालायचं. आता वय ७३. दोन वर्षांपासून कोरडा खोकला आहे, घराचा जिना चढतानाही धाप लागते. नातू म्हणतो, त्या काड्यांत दुर्मिळ मृदा धातू असायचे, ते फुफ्फुसात साठतात. खरं का? बिडी १२ वर्षांपूर्वी सोडली. सीझनला भावाच्या गुऱ्हाळावर चुलवाणापाशी असतो.
— एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : नातवाचं बरोबर आहे. पडद्यावर पांढराशुभ्र उजेड पडावा म्हणून त्या काड्यांच्या गाभ्यात सेरियम, लँथॅनम या दुर्मिळ मृदा धातूंची फ्लोराइडं भरत. काडी जळताना त्यांची वाफ व्हायची आणि थंड होऊन बारीक भुकटी बसायची. लॅम्प हाऊस, म्हणजे काड्या जळायच्या ती पेटी, उघडून तुम्ही फडक्यानं पुसायचात ती पांढरट राख, तीच. धुराडं चोंदलं की ती केबिनमध्ये, म्हणजे तुमच्या छातीत. (तांब्याचा मुलामा असलेली थोटकं टॉकीजमागून गोळा करून आम्ही पोरं फरशीवर रेघोट्या ओढायचो. तेव्हा कुणाला काय ठाऊक!)

हे कण सहजी विरघळत नाहीत, त्यामुळे काम सुटल्यावरही वर्षानुवर्षं फुफ्फुसात राहतात. १९९० साली ऑस्ट्रेलियातल्या एका दिवंगत ऑपरेटरच्या फुफ्फुसात ते सापडल्याची नोंद आहे. छपाईचे ब्लॉक करणारे आणि सेरियमच्या भुकटीनं भिंगं घासणारे कामगारही अशा नोंदींत आहेत. पण जगभरात मिळून ही प्रकरणं मोजकीच. बरेच जण विडी-सिगारेट ओढणारे होते, त्यामुळे दोष कुणाचा किती, हे वेगळं काढणं अवघड जातं. तुम्हीही बिडी ओढायचात, त्यामुळे तुमच्या बाबतीतही ते अवघडच जाणार.

मला जास्त काळजी वाटते ती गुऱ्हाळाची. चिपाडाचा धूर तर आहेच, पण साठवून बुरशी धरलेलं चिपाड हलवताना उडणारी धूळ वेगळंच दुखणं देते, त्याला बॅगासोसिस म्हणतात. चिपाडात काम केलं त्या दिवशी संध्याकाळी कणकण येते का, खोकला वाढतो का, ते बघा. येत असेल तर या सीझनला तिकडे फिरकू नका, भाऊ रागावला तरी चालेल.

केसांतलं, रक्तातलं सेरियम मोजून घ्यायला पैसे घालवू नका, त्यावरून उपचार ठरत नाहीत. साठलेले कण धुऊन काढणारं औषधही नाही. छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारकाईनं काढलेला सीटी स्कॅन, आणि फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. खोकला इतका जुना आहे तर टीबीसाठी थुंकीही तपासा.

छातीच्या डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या : रोज किती शो, केबिनला खिडकी होती का, पंखा चालायचा का. ते विचारतीलच असं नाही, तुम्हीच सांगा. आणि टॉकीजमध्ये काड्या जाऊन झेनॉनचा दिवा कोणत्या साली आला ते आठवत असेल, तर तेही.