घटना ‘व्यक्ती’ला ओळखते : अमेरिकी कायद्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात एफ-१ व्हिसावर एमएस करतो. परीक्षेत कॉपी केल्याच्या आरोपावरून एका सत्रासाठी निलंबित का करू नये, असा ईमेल त्याला आला आहे. तो तिथला नागरिक नाही. मग ‘ड्यू प्रोसेस’ त्याला लागू होते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होते. ‘ड्यू प्रोसेस’ म्हणजे सरकारने काही हिरावून घेण्याआधी पाळायची न्याय्य प्रक्रिया. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीचं पहिलं कलम नीट वाचा. त्यात आधी ‘नागरिकां’च्या विशेष हक्कांचा उल्लेख आहे. पुढे मात्र शब्द बदलतो : कोणतंही राज्य कोणत्याही ‘व्यक्ती’चं जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता ड्यू प्रोसेसशिवाय हिरावून घेणार नाही. परदेशी विद्यार्थीही त्या ‘व्यक्ती’त येतो.

विद्यापीठ सरकारी आहे, हे तुमच्या पथ्यावर पडलं. घटनेची ही बंधनं सरकारवर आहेत. खासगी विद्यापीठ असतं तर त्याची स्वतःची नियमपुस्तिका आणि कराराचा कायदा एवढ्यावरच भांडावं लागलं असतं.

आता मिळतं काय? ओहायोतल्या शाळकरी मुलांना दहा दिवसांपर्यंत निलंबित केल्याच्या खटल्यात (गॉस विरुद्ध लोपेझ, १९७५) सुप्रीम कोर्टाने किमान मर्यादा आखली : आरोप काय ते सांगा, मुलगा नाकारत असेल तर पुरावा काय ते सांगा आणि त्याची बाजू ऐकून घ्या. शिक्षा याहून मोठी असेल तर प्रक्रिया अधिक काटेकोर असावी लागू शकते. किती, हे ठरवताना १९७६ च्या मॅथ्यूज विरुद्ध एल्ड्रिज खटल्यातल्या तीन गोष्टी तोलतात : माणसाचं नुकसान किती, आहे त्या पद्धतीत चूक होण्याचा धोका किती आणि जादा सोय केल्याने तो किती घटेल, आणि त्या सोयीचा सरकारवर बोजा किती. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. कमी गुणांमुळे काढून टाकलं तर कोर्ट सहसा हात घालत नाही, तिथे सुनावणीही सक्तीची नाही (होरोविट्झ खटला, १९७८). कॉपीचा आरोप शिस्तभंगाचा आहे, म्हणून इथे सुनावणीला अर्थ आहे.

पोरं चुकतात ती इथे : ईमेलमधली उत्तराची मुदत उलटू देतात. मग विद्यापीठ शांतपणे म्हणतं, संधी दिली होती, घेतली नाही. तेव्हा मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या. पुरावा लेखी मागा : कोणता प्रश्न, कोणाच्या उत्तराशी जुळणारा, सॉफ्टवेअरचा अहवाल पूर्ण हवा, नुसता टक्क्यांचा आकडा नको. कच्ची टिपणं आणि फाइलच्या जुन्या आवृत्त्या तारखांसकट जपून ठेवा. सुरुवातीला ‘अनौपचारिक’ भेट होते आणि तिथे सहीसाठी एक कागद पुढे सरकवला जाऊ शकतो. तो वाचल्याशिवाय सही नको, कारण त्यात सुनावणीचा हक्क सोडल्याचं वाक्य असू शकतं. वकील सोबत बसू शकतो, पण अनेक विद्यापीठांत बोलायचं मुलानेच. आणि निलंबन लागू झालं की ते सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी संगणक प्रणालीत, नोंदलं जातं, व्हिसाची स्थिती त्यावर अवलंबून आहे. म्हणून परदेशी विद्यार्थी कार्यालयात त्याआधी जायचं, नंतर नाही.

प्रश्न : माझ्या भाचीकडे ग्रीन कार्ड आहे. नागरिक नसल्यामुळे एका राज्याच्या पोलिस भरतीत तिचा अर्ज नाकारला गेला. मग ‘समान संरक्षण’ कुठे गेलं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कायद्याचं समान संरक्षण हेही त्याच चौदाव्या दुरुस्तीतलं. पण त्याचा अर्थ सर्वांना एकच नियम, असा कोर्टाने कधी लावला नाही. भेद कशावरून केला आहे ते पाहून कोर्ट चाळणी निवडतं. धंदे, कर यांच्या नियमांना सैल चाळणी : काहीतरी तर्कसंगत कारण दिसलं की पुरे. स्त्री-पुरुष भेदाला मधली. ओक्लाहोमात ३.२ टक्क्यांची बिअर मुलींना अठराव्या वर्षी आणि मुलांना एकविसाव्या वर्षी मिळायची. राज्याने आकडे पुढे केले की त्या वयात दारू पिऊन गाडी चालवताना पकडल्या गेलेल्या मुली ०.१८ टक्के आणि मुलगे २ टक्के. एवढ्यावर सगळ्या मुलग्यांना रोखता येणार नाही, असं कोर्टाने १९७६ मध्ये सांगितलं. वंशाला सर्वांत बारीक चाळणी.

राज्याने ‘परदेशी’ म्हणून केलेला भेदही १९७१ पासून बारीक चाळणीत जातो. म्हणूनच कनेक्टिकटला परदेशी व्यक्तीची वकिलीची सनद नागरिकत्वाच्या कारणावरून अडवता आली नाही (१९७३) आणि टेक्सासला नोटरीपद अडवता आलं नाही (१९८४). पण जिथे राज्याची सत्ता राबवली जाते त्या पदांना कोर्टाने सूट दिली, आणि १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या राज्य पोलिसांच्या खटल्यात (फोली विरुद्ध कॉनेली) हीच सूट उमेदवाराला नडली. भाचीने या मुद्द्यावर वकिलाला पैसे मोजू नयेत.

नियम दिसायला सरळ पण राबवायला वाकडा, हा वेगळाच मामला. सॅन फ्रान्सिस्कोत १८८० मध्ये वटहुकूम निघाला : लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला नगर पर्यवेक्षक मंडळाची परवानगी हवी. सुमारे ३२० लाँड्र्यांपैकी ३१० लाकडी. सुमारे दोनशे चिनी मालकांनी अर्ज केले, ते सगळे फेटाळले. चिनी नसलेल्या ऐंशीच्या आसपास अर्जदारांपैकी एक सोडून सर्वांना मुभा. १८८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे घटनाबाह्य ठरवलं, आणि दाद मागणारे तर चिनी सम्राटाचे प्रजाजन होते. आज मात्र परिणाम विषम आहे एवढं दाखवून भागत नाही. १९७६ पासून भेदभावाचा हेतू सिद्ध करावा लागतो. आकडे लाँड्रीइतके नागडे असतील तर गोष्ट वेगळी, सहसा नसतात.

प्रश्न : भावाला तिथल्या खासगी कंपनीत जातीवरून बढतीत डावललं. घटनेखाली दावा करता येईल? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : घटनेखाली नाही, कंपनी म्हणजे सरकार नव्हे. वाट आहे ती १९६४ च्या नागरी हक्क कायद्याची. कंपनीत पंधरा किंवा अधिक कर्मचारी हवेत. समान रोजगार संधी आयोगाकडे १८० दिवसांत तक्रार द्यायची, राज्याची स्वतःची अशी यंत्रणा असेल तर ३०० दिवसांत. घड्याळ निर्णय कळवला त्या दिवसापासून चालू होतं. एचआरकडे अंतर्गत तक्रार केल्याने ते थांबत नाही. निम्मी प्रकरणं इथेच गारद होतात असं म्हटलं तरी वकील हसून मान डोलावतील. त्या कायद्यात वंश, वर्ण, धर्म, लिंग, मूळ देश असे शब्द आहेत, ‘जात’ हा शब्द नाही. म्हणून वकील वंश किंवा मूळ देशाच्या आधारे मांडणी करतात. सिएटलने २०२३ मध्ये शहराच्या कायद्यात जात स्पष्टपणे घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचं विधेयक राज्यपालांनी नकाराधिकार वापरून परत पाठवलं.

प्रश्न : आपल्या राज्यघटनेत ‘ड्यू प्रोसेस’ का नाही? (विधी शाखेची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : कलम १४ मधलं ‘कायद्याचं समान संरक्षण’ थेट चौदाव्या दुरुस्तीतून आलं. ड्यू प्रोसेस मसुद्यात होती, मग गळली. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले, त्यांनी या शब्दांपासून सावध केलं. कारण जुनं होतं : याच शब्दांच्या आधाराने १९०५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने बेकरी कामगारांचा आठवड्याला ६० तासांचा कायदा रद्द केला होता. जमीन सुधारणांचं इथे तेच झालं असतं, ही धास्ती. १३ डिसेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत सांगितलं की इकडे विधिमंडळ, तिकडे मूठभर न्यायाधीश, आपली अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी आहे. आणि निर्णय सभागृहावर सोडला. कलम २१ मध्ये ‘कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती’ राहिली. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनीच त्याची भरपाई म्हणून आज कलम २२ असलेला मजकूर आणला : अटकेची कारणं सांगा, वकील करू द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. ती ‘कार्यपद्धती’ न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात म्हटलं. खटला होता जप्त केलेल्या पासपोर्टचा, आणि सरकार कारणं सांगायला तयार नव्हतं.