भेदभाव कुणाविरुद्ध, कुणाशी की कशावरून?

लातूरहून एका वाचकानं विचारलंय: बातमी मराठीत करताना मी 'एलजीबीटीक्यू व्यक्तींविरुद्ध भेदभावावर बंदी घालणारं विधेयक' असं लिहिलं (एलजीबीटीक्यू म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, तृतीयपंथी वगैरे). मित्र म्हणतो, 'पक्षपात' लिही. बरोबर काय?

भेदभावच. पक्षपात म्हटलं की नजर जाते ती झुकतं माप मिळालेल्याकडे. पंच पक्षपात करतो, परीक्षक करतो. पण खोली बघायला आलेली दोन मुलं जोडपं आहेत हे कळताच घरमालक 'खोली गेली' म्हणतो, तेव्हा त्यानं कुणाची बाजू घेतलेली नसते, दोघांना दारातून परत पाठवलेलं असतं.

खटकतं ते 'विरुद्ध'. तक्रार विरुद्ध असते, खटला विरुद्ध असतो. भेदभाव आपण कुणाशी करतो, लेकीसुनांत करतो, आणि कशावरून तरी करतो. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात भेदभावाला मनाई करताना धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ही कारणं दिली आहेत, माणसांचे गट नाहीत. मला हे 'वरून' फार मोलाचं वाटतं. 'एलजीबीटीक्यू व्यक्तींशी' म्हटलं की कायदा मूठभरांचा वाटतो. 'लैंगिक कलावरून' म्हणा. कल म्हणजे कुणाबद्दल ओढ वाटते ते; तो तुम्हालाही आहे, मलाही आहे. अमेरिकेतलं 'इक्वालिटी अॅक्ट' विधेयकही अशीच कारणं सांगतं: लिंग, लैंगिक कल, लैंगिक ओळख (म्हणजे माणूस स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही मानतो ते). प्रतिनिधिगृहानं ते २०१९ आणि २०२१ मध्ये मंजूर केलं, सिनेटमध्ये मात्र अडलं.

आपल्याकडे २०१९ च्या कायद्यानं शिक्षण, नोकरी, दवाखाना, घर यांत तृतीयपंथी व्यक्तींशी भेदभाव करायला मनाई केली. समलिंगी माणसांना घर किंवा नोकरी नाकारण्याला आळा घालणारा असा सर्वसाधारण केंद्रीय कायदा नाही. शशी थरूर यांनी २०१७ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, त्यात लैंगिक कलही होता; त्याचा कायदा झाला नाही.

एक जुना शब्द जाता जाता सांगतोच: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला एक, दुसऱ्याला दुसरं वाढणं. परभणीकडे आमच्या आजीच्या तोंडी हा शब्द होता. लग्नाच्या पंगतीत मी तुपाचं वगराळं घेऊन फिरत होतो. ओळखीच्या पानांवर धार धरायचो, कडेला बसलेल्या गड्याच्या भातावर नुसते दोन थेंब. आजीनं मनगट धरलं. "पंक्तिप्रपंच करू नगंस. आधी त्याला वाढ." माझ्या मनात काय होतं हे तिनं विचारलंच नाही, तिनं हात पाहिला. कायदाही 'भेदभाव करणं' यातलं 'करणं' पाहतो. म्हणून 'भेदभाव बाळगण्यावर बंदी' असंही लिहू नका.

तुमचं वाक्य मी असं करीन: 'लैंगिक कल आणि लैंगिक ओळख यांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारं विधेयक'.