बॉर्डर कॉली मुलांच्या टाचांना दात लावतो, काय करावं?

दीड वर्षाचा बॉर्डर कॉली, चार आणि दोन वर्षांची मुलं, फ्लॅट. मुलं हॉलमध्ये पळायला लागली की तो वाकून मागे जातो आणि पोटरीला नाहीतर टाचेला दात लावतो, अजून रक्त आलेलं नाही. तो आक्रमक होतोय की खोड मोडता येईल, असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही लिहिलंय त्यावरून ही आक्रमकता वाटत नाही, तो त्याचं काम करतोय. आपल्याकडची धनगरांची कुत्री कळपाची राखण करतात. बॉर्डर कॉली मात्र इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर मेंढ्या वळण्यासाठी घडवला गेला. नजर रोखणं, दबकत जाणं, पाठलाग करणं एवढे शिकारीचे टप्पे त्याच्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढवले आणि पुढचा चावा दाबला. किंचाळत पळणारं आणि मध्येच वळणारं मूल पाहिलं की हे सगळं जागं होतं. शिवाय पाठलागाची मजा पाठलागातच असते, त्यामुळे नंतर ओरडून किंवा बिस्किट दाखवून काही साधत नाही. प्रत्येक पाठलागाने सवय घट्ट होते. म्हणून आधी पाठलाग बंद करायचा, शिकवणं त्यानंतर. आणि आक्रमक नाही म्हणजे निर्धोक, असं समजू नका. १५-२० किलोचा कुत्रा दोन वर्षांच्या मुलाला धडकला तरी कपाळावर खोक पडते.

आजच करण्याची गोष्ट म्हणजे बेबी गेट, म्हणजे दारात बसवायचं बुटकं फाटक. उंची किमान ९० सेंटीमीटर घ्या, ७५ चं गेट हा कुत्रा सहज ओलांडतो. सळयांमधली फट साडेसहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर धाकट्याचं डोकं अडकेल. दाबाने बसणारं गेट गुळगुळीत टाइल्सवर सरकतं, भिंतीत स्क्रूने पक्कं केलेलं बरं. मुलांचा पळापळीचा खेळ सुरू झाला की कुत्रा गेटपलीकडे, सोबत चघळायला काहीतरी. ही शिक्षा वाटू नये म्हणून खेळ रंगात यायच्या आधीच त्याला तिकडे न्या. वाढदिवसाला घरात दहा मुलं येणार असतील तर बंद खोली. त्या दिवशी प्रशिक्षणाचा विचारही करू नका.

सगळे एका खोलीत असताना त्याच्या हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) दीड-दोन मीटरची हलकी दोरी लावून ठेवा. टोकाला फास किंवा गाठ नको, सोफ्याच्या पायात अडकते. तो उठून निघाला की दोरीवर पाय ठेवायचा, एवढंच. मोठं माणूस खोलीबाहेर गेलं की दोरी काढायची आणि कुत्रा गेटपलीकडे. लक्ष ठेवणं म्हणजे हातात मोबाइल नसणं. स्वयंपाकघरातून कान देणं यात धरत नाहीत.

आता शिकवणं. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे करा, तेवढं रोजच्या जेवणातून वजा करा. आधी मुलांशिवाय दोन गोष्टी पक्क्या करा: नाव घेतल्यावर वळून बघणं आणि आपल्या मॅटवर जाऊन बसणं. पाच मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या रोज पुरतात, त्यापुढे त्याचंच डोकं तापतं. मग सोसायटीच्या मोकळ्या जागेत, कुत्रा लीशवर (हातात धरायच्या दोरीवर), दहा मीटरवर घरातला दुसरा मोठा माणूस चालेल. कुत्र्याने बघितलं आणि तुमच्याकडे वळला की तुकडा. ते जमलं की तो माणूस जॉगिंग करेल, मग पळेल, मग थोरलं मूल चालेल, शेवटी पळेल. दर वेळी नवी पायरी चढताना अंतर पुन्हा वाढवायचं. इथे बहुतेक जण घाई करतात. कुत्रा डोकं खाली घालून, तोंड मिटून, एक पाय उचलून थिजला की तुम्ही फार जवळ आलात. तेव्हा नाव घेऊन उपयोग नाही, मागे फिरून अंतर वाढवा. दोन वर्षांच्या मुलाला या सरावात अजिबात घेऊ नका.

"त्याला भरपूर दमवा" हा सल्ला अर्धाच खरा आहे. तासभर बॉल फेकत राहिलात तर पाठलागाचाच व्यायाम होतो आणि घरी येतो तो अजून पेटलेला. बॉल दहा मिनिटं पुरे. बाकी वेळ लांब लीशवर हुंगत हिंडू द्या, जेवणाचा काही भाग गवतात किंवा गुंडाळलेल्या जुन्या टॉवेलमध्ये लपवून शोधायला लावा. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि रात्री. आणि झोप: मोठ्या कुत्र्यालाही दिवसाचे बारा-चौदा तास विश्रांती लागते, मुलांच्या घरात ती मिळत नाही. संध्याकाळी सहा-साडेसहाला जास्त दात लावत असेल तर तो दमलेला आहे, कंटाळलेला नाही. लेझरचा ठिपका कधीही खेळवू नका. पंख्याची किंवा मोबाइलच्या प्रकाशाची सावली तो भिंतीवर टक लावून बघत बसत असेल तर तिथून लगेच हटवा. या जातीत ते वेड पक्कं व्हायला वेळ लागत नाही.

थोरल्याला शिकवायचं तर "पळू नकोस" नको, "स्टॅच्यू" शिकवा. खेळ माहीतच असतो. कुत्रा मागे आला की जागच्या जागी उभं, हात छातीशी, नजर पायाकडे. हलणं थांबलं की वळवायला काही उरत नाही. आधी कुत्रा नसताना दहा-बारा वेळा हसतखेळत करून घ्या. कुत्रा जेवत असताना, झोपलेला असताना आणि मॅटवर असताना त्याला हात लावायचा नाही, हा नियम पाहुण्यांच्या मुलांनाही. लाड करताना तीन सेकंद कुरवाळून हात काढायचा. तो स्वतः जवळ आला तर पुढे, नाहीतर खेळ संपला. मिठी मात्र नाही. तोंड फिरवणं, ओठ चाटणं, उगाच जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं म्हणजे "पुरे".

गुरगुरल्याबद्दल मारू नका. गुरगुरणं बंद होतं, राग राहतो, मग चावा सूचनेशिवाय येतो. शॉक कॉलर, म्हणजे विजेचा झटका देणारा गळपट्टा, तर मुलं असलेल्या घरात आणूच नका. झटका बसताना समोर मूल दिसलं तर वेदना त्या मुलाशी जोडली जाते.

रक्त आलं नाही म्हणून सोडून देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात उघड्या त्वचेवर दात लागून खरचटणंसुद्धा दुसऱ्या वर्गात येतं, आणि त्यात रेबीजच्या लशीचा विचार करावा लागतो. कातडी फाटली तर तिसरा वर्ग, तिथे लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन). वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कुत्र्याच्या लसीकरणाचं कार्ड सोबत न्या, पण कार्ड आहे म्हणून जाणं टाळू नका. आधी लागलेल्या दातांबद्दलही डॉक्टरांना सांगा.

मेंढ्या वळणं आणि चिडून चावणं यांत फरक आहे. मूल शांत बसलेलं असताना तो ताठ होत असेल, भांड्याजवळ गुरगुरत असेल किंवा चाव्याचा जोर वाढत असेल तर वाट बघू नका. आधी पशुवैद्याकडून कान, खुबा आणि पाठ तपासून घ्या, दुखण्यामुळेही हे होतं. मग शिक्षा न करता काम करणारा वर्तनतज्ज्ञ शोधा. मधल्या काळात जाळीचं मझल (तोंडावरचं मुसकं) घालायची सवय खाऊ देऊन लावा. त्यातून त्याला धापता आणि पाणी पिता आलं पाहिजे, तोंड बांधणारी कापडी पट्टी नको. दाखवायला व्हिडिओ हवा असेल तर गेटच्या अलीकडून काढा, त्यासाठी मुलांना मुद्दाम पळवू नका.