पडद्यावरची पिस्तुले : वाचकांच्या शंका

मुंबईतील टोळीयुद्धांवरच्या चित्रपटांत पात्रांच्या हाती जी पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर दिसतात, त्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत.

प्रश्न : १९८२ च्या मुंबईत घडणाऱ्या एका चित्रपटात फौजदाराच्या आणि टोळीतल्या पोरांच्याही हातात एकाच धाटणीची काळी, चौकोनी पिस्तुले आहेत. तेव्हा अशी पिस्तुले मुंबईत होती का? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : आपल्या वर्णनावरून ती ऑस्ट्रियन बनावटीची ग्लॉक पिस्तुले असावीत, आणि तसे असेल तर उत्तर ‘नाही’ असेच आहे. त्या सालची मुंबईतली गाजलेली चकमक घ्या : वडाळ्याला आंबेडकर महाविद्यालयाजवळ पोलिसांनी टोळीवाल्या मन्या सुर्वेला गोळ्या घातल्या ती तारीख ११ जानेवारी १९८२. आणि ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक स्वीकारले तेच मुळी त्या वर्षी. परदेशांत ते पसरले त्यानंतर. त्या सालच्या मुंबईत, तेही दोन्ही पक्षांच्या हाती, ते दाखवणे म्हणजे शुद्ध आळस आहे.

त्या काळातल्या फौजदाराच्या कमरेला शोभते ते .३८ चे (हे नळीचे माप, इंचात) रिव्हॉल्व्हर, म्हणजे ब्रिटिश अमदानीपासून आपल्याकडे रुळलेल्या वेब्ली या इंग्रज कंपनीच्या घडणीचे. त्यात सहा गोळ्या मावतात, मुठीच्या तळाशी दोरी अडकवायची कडी असते, आणि वरची खिट्टी दाबून नळी पुढे झुकवली की ते मधोमध उघडते व सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम उचलल्या जाऊन बाहेर पडतात. नवी काडतुसे मात्र हाताने भरावी लागतात. अंधाऱ्या जिन्यात भिंतीला पाठ टेकून, बोटे थरथरत असताना एकेक काडतूस चक्रातल्या घरात बसवणारा फौजदार हा केवढा नाट्यमय प्रसंग आहे. परंतु पिस्तुलाची मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, खटकन बदलण्याच्या मोहापायी दिग्दर्शक तो हातचा घालवतात, याचे मला नवल वाटते.

टोळीतल्या पोरांची कथा निराळी. चॉपर आणि तलवार हीच त्यांची नेहमीची हत्यारे. ज्याला अग्निशस्त्र मिळे त्याच्या वाट्याला बहुधा उत्तरेकडून आलेला गावठी कट्टा येई. कट्ट्यात एका वेळी एकच काडतूस बसते, बहुतेकदा .३१५ च्या रायफलचे किंवा बारा बोअरच्या बंदुकीचे, आणि प्रत्येक गोळी झाडल्यावर तो उघडून रिकामी पुंगळी काढावी लागते. नळी पाण्याच्या पाइपाची किंवा तशाच कुठल्या नळकांड्याची असल्यामुळे तो चालवणाऱ्याच्याच हातात फुटण्याची भीती असते. म्हणून कट्टेवाला जवळ येतो, एक बार काढतो आणि पळतो. तोच कट्टेवाला पडद्यावर रस्त्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत धडाधड सात-आठ गोळ्या झाडू लागला, की त्या पात्राची गरिबी, घाई आणि भीती हे सगळेच खोटे पडते. वेशभूषाकार त्या सालची शर्टाची कॉलर हुडकून काढतात. हातातल्या शस्त्रासाठी त्याच्या निम्मे कष्टही कुणी घेत नाही.

प्रश्न : एका चित्रपटातील बांधकाम व्यावसायिक खंडणीच्या धमकीनंतर टेबलाच्या खणातून ‘परवान्याचे नाइन एमएम’ काढून दाखवतो. हे शक्य आहे का? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : सहसा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील नियमांप्रमाणे सैन्याच्या ९ मि.मी. पिस्तुलाचे किंवा पोलिसी .३८ रिव्हॉल्व्हरचे काडतूस ज्यात बसून उडू शकते, ते शस्त्र ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये, म्हणजे नळीच्या निषिद्ध मापांत, मोडते. त्याचा परवाना अपवादानेच मिळतो आणि तो अधिकार केंद्र सरकारचा आहे. एरवीच्या परवान्यासाठी मुंबईत पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो, आणि त्यावर सामान्यतः घेतले जाते ते कानपूरच्या आयुधनिर्माणीचे .३२ रिव्हॉल्व्हर किंवा त्याच मापाचे देशी पिस्तूल. या दोहोंचे आकडे सारखे असले तरी काडतुसे वेगळी असतात, एकाचे दुसऱ्यात चालत नाही. वर्तमानपत्रांत येणारे ‘७.६५ मि.मी. पिस्तूल’ म्हणजे हेच .३२ चे पिस्तूल, हेही जाता जाता नोंदवतो.

व्यावसायिक फार श्रीमंत आहे असे दाखवायचे असेल, तर कायद्यातच एक चांगली सोय आहे. खासगी व्यक्तींसाठी विदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद झाल्यामुळे पूर्वी आलेली .३२ ची जर्मन किंवा इंग्लिश शस्त्रे एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे लाखोंच्या किमतीला जातात. वडिलोपार्जित, थोडे झिजलेले जर्मन वॉल्थर पिस्तूल खणातून निघाले, तर त्या माणसाचे घराणे, पैसा आणि कायदा पाळण्याची सवय हे सारे एका वाक्याविना कळेल. नव्याकोऱ्या ‘नाइन एमएम’मधून यातले काहीच कळत नाही.

प्रश्न : भाडोत्री मारेकरी रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावतो आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्यांना पत्ताही लागत नाही. असे होते का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : होत नाही, आणि त्याची कारणे दोन आहेत. रिव्हॉल्व्हरचे फिरते चक्र आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते. स्फोटाचा वायू आणि आवाज तिथूनही निसटतो, मग नळीच्या तोंडाला काहीही लावा. १८९५ च्या रशियन नागां रिव्हॉल्व्हरमध्ये चक्र पुढे सरकून ही फट बुजते, पण तो अपवाद झाला. दुसरे असे की पिस्तुलाचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर असतो आणि चांगला सायलेन्सर त्यातले साधारण वीस ते पस्तीस डेसिबल कमी करतो. उरतो तो आवाज चाळीच्या भिंतीपलीकडे नक्कीच पोहोचेल. शिवाय ९ मि.मी.ची नेहमीची गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जाते, त्यामुळे हवेत तिचा स्वतःचा कडाका होतो; तो सायलेन्सरने थांबत नाही.

प्रश्न : एका क्लोज-अपमध्ये खलनायकाच्या पिस्तुलाच्या नळीचे तोंड आतून बुजलेले दिसले. ते खेळण्यातले होते का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तसे असेलच असे नाही. चित्रीकरणात ब्लँक काडतूस वापरतात, त्यात दारू असते, गोळी नसते. पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकून पुंगळी बाहेर फेकली जायला जो दाब लागतो, तो गोळीच्या अभावी तयार होत नाही. म्हणून नळी आतून अरुंद करून वायू कोंडतात. आपल्याला दिसला तो बहुधा नळीतला हाच अडथळा. सावध छायालेखक अशा वेळी कॅमेरा किंचित बाजूला घेतो, किंवा समोरच्या दृश्यापुरती बार न उडणारी हुबेहूब प्रतिकृती नटाच्या हाती देतो.

मात्र बुजलेली नळी दिसली म्हणून मी त्या चित्रपटाला नावे ठेवणार नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत ब्रँडन ली हा नट चित्रीकरणातच मरण पावला तो उघड्या नळीच्या रिव्हॉल्व्हरमुळे. क्लोज-अपसाठी केलेल्या दिखाऊ काडतुसातली गोळी नळीत अडकून राहिली होती, आणि नंतरच्या एका दृश्यात उडवलेल्या ब्लँकने ती बाहेर ढकलली. हल्ली नळीच्या तोंडची ज्वाळा बऱ्याचदा संगणकावरच रंगवतात. ती ज्वाळा कधी कधी खोटी दिसते, पुंगळीही नीट उडत नाही, आणि जाणकार प्रेक्षक नाक मुरडतात. त्या प्रेक्षकांत मीही असतो, पण या एका बाबतीत माझे मत निर्मात्याच्या बाजूने आहे.