सोसायटीच्या पार्किंगमधून सायकली चोरीला जात आहेत, काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की तीन महिन्यांत तुमच्या सोसायटीतून चार सायकली गेल्या, चौथी तुमच्या मुलीची, आठ दिवसांपूर्वी. कमिटी म्हणते सायकल ज्याची त्याने सांभाळावी, चौकीत सांगितलं ऑनलाइन नोंद करा, आणि ग्रुपवर वॉचमन बदलायची मागणी सुरू झालीय. मी पुण्यात सिंहगड रस्त्याला ८४ फ्लॅटच्या सोसायटीत राहतो. दोन वर्षं सेक्रेटरी होतो आणि त्याच काळात आमच्याकडून सहा सायकली गेल्या. त्यातली एक माझ्या मुलाची होती.

एक काम आज रात्रीच करा. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, जागा संपली की जुनं चित्रण पुसून त्यावर नवं लिहितो. डिस्क लहान आणि कॅमेरे जास्त असतील तर आठ-दहा दिवसांतच मागचं पुसलं जातं. म्हणजे तुमच्या मुलीच्या सायकलीचं फुटेज कदाचित उद्या नसेल. चेअरमनना फोन करा, कॅमेरेवाल्याला बोलवा, त्या दिवसाचं सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. मोबाइलने स्क्रीनचा व्हिडिओ काढून थांबू नका. पुढे प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, ते मूळ यंत्रातून नीट उतरवलेल्या प्रतीला मिळतं. आणि डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी ताडून बघा. आमचं ४७ मिनिटं पुढे होतं. ते लक्षात येईपर्यंत आम्ही दोन संध्याकाळी भलत्याच वेळेचं चित्रण बघत होतो.

आता पोलीस. 'ऑनलाइन नोंद करा' असं तुम्हाला सांगितलं, ती बहुधा हरवलेल्या वस्तूंची नोंद. मोबाइल किंवा लायसन्स गहाळ झालं तर ती उपयोगाची, पण तिच्यावर कोणी चोर शोधत नाही. कुलूप लावलेली सायकल गहाळ होत नाही. अर्जात 'चोरी' हाच शब्द लिहा.

सायकल म्हटलं की पोलीस टाळतात, त्यामागे आळसाखेरीज कायद्यातलंही एक कारण आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३(२) खालच्या चोरीत मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो. मग एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतात, आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. म्हणून बिल घेऊन जा. मुलीची सायकल ११ हजारांची असेल तर ते कागदावर दिसू द्या. किंमत फुगवू मात्र नका, तपासात ते उघडं पडतं. दुसरं, राहत्या इमारतीत झालेल्या चोरीसाठी वेगळं कलम ३०५ आहे. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि त्याला किंमतीची ही अट नाही. पार्किंग इमारतीच्या पोटातच असेल तर तसं अर्जात स्पष्ट लिहा. कलम कोणतं लावायचं ते अधिकारी ठरवतील, पण निदान तो मुद्दा त्यांच्यासमोर येईल.

चारही घरांनी एकत्र जा. आम्ही सुरुवातीला एकेकटे गेलो, तेव्हा प्रत्येकाची सायकल ही एक सायकल होती. तिसऱ्या वेळी सहा तारखा, सहा वेळा आणि सहा मॉडेल एका कागदावर लिहून सोसायटीच्या लेटरहेडवर दिलं, तेव्हा तपास पथकातला एक हवालदार उठून आमच्याबरोबर पार्किंग बघायला आला. गुन्हा दाखल झाला की एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्या. दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवायला नकारच दिला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पोलीस आणि कोर्टाच्या कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम १७३(४) खाली वरिष्ठांना, म्हणजे शहरात पोलीस उपायुक्तांना, लेखी अर्ज पाठवता येतो.

आता माझ्या मुलाच्या सायकलीचं सांगतो, कारण मला जे म्हणायचंय ते त्यातच आहे. चोरीनंतर सुमारे तीन महिन्यांनी पोलीस ठाण्यातून फोन आला. एक टोळकं सापडलं होतं, बरेचसे विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे अठराच्या आतली मुलं. ठाण्याच्या मागच्या अंगणात एकोणीस सायकली भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मुलगा सरळ चौथीपाशी गेला. काळा रंग मारला होता, आमची निळी होती. पण मागच्या ब्रेकची वायर आम्ही साध्या तारेने बांधली होती ती तशीच होती, आणि सीटच्या उजव्या बाजूला त्याने कर्कटकाने केलेली चीर होती. तपासी अंमलदार चांगले होते. त्यांनी सायकल उलटी केली, रंग खरवडला, फ्रेमवरचा नंबर वाचून दाखवला आणि विचारलं, तुमच्याकडचा नंबर सांगा. माझ्याकडे नंबर नव्हता. दुकानदाराच्या बिलावर फक्त 'गिअर सायकल, १ नग' असं लिहिलेलं. त्याच मॉडेलवर आणखी एका घराने हक्क सांगितला होता.

बी विंगमधल्या एका ताईंच्या बिलावर मात्र फ्रेम नंबर होता. त्यांनी कोर्टात अर्ज केला, आदेश झाला, सुपूर्तनामा, म्हणजे सायकल ताब्यात घेतल्याचं हमीपत्र, लिहून दिला आणि सायकल घरी आली. आमची तिथेच राहिली. मुलाला ती ओळखता आली होती, मला ती आमची आहे हे दाखवता आलं नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की आपण कुलपावर जितका विचार करतो त्याच्या निम्मासुद्धा नोंदीवर करत नाही. दुचाकीला आरटीओ आहे, सायकलला काही नाही. पूर्वी नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला असायचा. माझ्या वडिलांच्या सायकलीला होता, आणि कर चुकवला म्हणून पकडल्याचे किस्से ते सांगायचे. तो बिल्ला करासाठी होता हे खरं, पण सायकल कोणाची हे त्यावरून कळायचं. तो गेला आणि त्याजागी काहीच आलं नाही. आता ते काम आपलं आपणच करायचं.

सायकल उलटी करा. दोन्ही पॅडल जोडणारा आस ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्या खालच्या बाजूला बहुतेक सायकलींवर नंबर ठोकलेला असतो. तिथे नसेल तर हँडलखालच्या नळीवर किंवा सीटच्या दांड्याजवळ बघा. चिखल पुसून फोटो काढा, मग पूर्ण सायकलीचा एक, आणि ओरखडे, स्टिकर, बदललेले भाग यांचे जवळून. दुकानदाराकडे परत जा आणि बिलावर नंबर लिहून शिक्का मारून घ्या. ओळखीचे असतील तर देतात. आणि जुन्या सायकलवाल्यांची एक युक्ती अजूनही चालते. सीटचा दांडा उपसून आतल्या नळीत नाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची. रंग मारणारा तिथपर्यंत जात नाही.

तुमच्या गेलेल्या सायकलीचा नंबर नसेल तरी निराश होऊ नका. मुलीच्या फोनमधले जुने फोटो चाळा. वाढदिवसाच्या, सहलीच्या फोटोत सायकल मागे उभी असते. जुन्या वस्तूंच्या अॅपवर तशीच सायकल दिसली तर स्वतः गिऱ्हाईक बनून भेटायला जाऊ नका. स्क्रीनशॉट काढा आणि ठाण्यात द्या.

यापुढे चोरी होऊ नये म्हणून आम्ही जे केलं त्यात सगळ्यात उपयोगी पडली ती गणती. एका रविवारी पार्किंगमधली प्रत्येक सायकल मोजली. १३७ भरल्या. त्यातल्या ३९ कोणाच्या हे कोणालाच सांगता येईना. भाडेकरू सोडून गेलेले, मुलं मोठी होऊन परदेशी गेलेली, हवा नाही, चेन गंजलेली, जाळी धरलेली. चोराला अशा ढिगासारखी दुसरी सोय नाही. त्या ढिगातून एखादी सायकल हलली तर दिवसेंदिवस कळत नाही, आणि कोणी त्यात खुडबुड करताना दिसला तर वॉचमनने विचारायचं तरी काय? प्रत्येक सायकलीला विंग आणि फ्लॅटचा नंबर असलेली पट्टी बांधली. बेवारस सायकलींचे फोटो नोटीस बोर्डावर आणि ग्रुपवर महिनाभर लावले, मग सर्वसाधारण सभेत ठराव केला. हा ठराव चुकवू नका, दुसऱ्याची वस्तू कमिटीने परस्पर भंगारात घालणं बरोबर नाही. ज्या दुरुस्त होण्यासारख्या होत्या त्या वर्गणीतून दुरुस्त करून कामाला येणाऱ्या मंडळींच्या मुलांना दिल्या. प्रत्येकीबरोबर सोसायटीच्या शिक्क्याचं पत्र दिलं, त्यात फ्रेम नंबर लिहिला, म्हणजे रस्त्यात कोणी त्या मुलाला 'कुठून आणली' विचारलं तर त्याच्याकडे उत्तर असेल.

वॉचमन बदलण्याबद्दल. आमच्या फुटेजमध्ये काय दिसलं ते ऐका. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सोळा-सतरा वर्षांचा मुलगा खांद्याला क्रिकेटची बॅग अडकवून चालत आत आला. सात मिनिटांनी सायकलवर बाहेर पडला आणि वॉचमनने त्याच्यासाठी गेट उघडून धरलं. का नाही धरणार? आपलीच मुलं रोज तशी जातात, आणि अडवलं तर आईवडील त्याच्यावरच ओरडतात. गाडी आत येताना आपण नंबर लिहितो, सायकल बाहेर जाताना काहीच नाही. पट्ट्या लावल्यानंतर आम्ही इतकंच ठरवलं की बाहेर जाणाऱ्या सायकलची पट्टी बघायची, नसेल तर फ्लॅट विचारून इंटरकॉम करायचा, आणि यावरून वॉचमनशी कोणी वाद घालायचा नाही. तुमच्याकडे त्याच्या पगारातून सायकलीचे पैसे कापायची सूचना येईल. ती कृपा करून मान्य करू नका.

हे फुटेज मिळण्याआधी आमचा संशय गाड्या पुसणाऱ्या मुलावर होता. पुरावा काही नव्हता. तो पहाटे पार्किंगमध्ये असायचा, एवढंच. ग्रुपवर त्याचा फोटो फिरला आणि कमिटीने त्याला काही दिवस येऊ नकोस सांगितलं. त्या बैठकीत मीही होतो आणि गप्प बसलो. आठवड्यात शेजारच्या सोसायटीतलीही त्याची कामं सुटली. खरं कळल्यावर आम्ही दोघं त्याच्या घरी जाऊन माफी मागून आलो. त्याच्या आईने चहा केला, पण तो आमच्याकडे परत कामाला आला नाही. तुमच्या ग्रुपवर कोणाचं नाव निघालं असेल तर ते आजच थांबवा.

कुलपाचं थोडक्यात. बारीक केबलचं कुलूप साध्या कटरने क्षणात तुटतं. कडक पोलादाची जाड साखळी किंवा यू आकाराचं कुलूप घ्या, आणि ते फ्रेम व मागचं चाक दोन्ही धरून जमिनीत पक्क्या असलेल्या वस्तूला लावा. नुसतं पुढचं चाक अडकवणारे स्टँड बसवू नका. ते चाक मागे ठेवून बाकीची सायकल नेता येते. फॅब्रिकेटरकडून उलट्या यूसारखे पाइप वाकवून काँक्रीटमध्ये बसवून घ्या, वॉचमनच्या केबिनसमोर, दिव्याखाली. पाण्याच्या टाकीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नकोत. आम्ही एक चारचाकीची व्हिजिटर जागा त्यासाठी घेतली. तिच्यावरून सभेत झालेला वाद चोरीच्या चर्चेपेक्षा लांबला, त्याची तयारी ठेवा.

आणि गणती सकाळी लवकर ठेवा, सोसायटीतल्या मुलांना हाताशी घेऊन. आमच्याकडे सुरुवातीला बेवारस सायकली ३९ नव्हे, साठच्या घरात होत्या. कोणती कोणाची हे मोठ्यांना ठाऊक नव्हतं, सहावी-सातवीतल्या पोरांनी एकेक करून सांगितलं.